मुलुंड–आंबेखोल रेल्वे

१ जानेवारी १९८५, मंगळवार

नवीन वर्ष, नवीन रोजनिशी. ऑफिसला एका रंगाच्या कंपनीने पाठवली होती, साहेबांना नको होती, म्हणून माझ्याकडे आली. निश्चय: रोज लिहायचं, खरं लिहायचं आणि कशाला घाबरायचं नाही. तसा मी घाबरत नाहीच. सावध असतो. लोकांना यातला फरक कळत नाही.

काल जेवताना आबांनी जाहीर केलं की मे महिन्यात ते गावी जाणार. कायमचे. संपात गिरणी बसली तेव्हापासून वडील आमच्याकडे मुलुंडला आहेत. मागच्या दारात बाकड्यावर बसून असतात. म्हणाले, आंबेखोलचा घर बंद रवान कुजता आणि मी हय बसान कुजतंय. सुलक्षणा म्हणाली, जाऊ दे की त्यांना, त्यांच्या मनासारखं होईल. बायकांना लांबचा विचार नसतो. सत्तरीला आलेला माणूस. तिकडे काही झालं तर? माझ्याशिवाय त्यांचं कसं होणार?

मला स्वतःला काही फरक पडत नाही. एक्केचाळीस वर्षांचा आहे, डिस्पॅच सेक्शनचा हेडक्लार्क आहे. आता फ्यूज उडाला की आबा बसवतात, पाल आबा हाकलतात आणि दाराशी अनोळखी माणूस आला की आबाच बोलतात, हे खरं. पण ही कामं मी त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवली आहेत. म्हाताऱ्या माणसाला आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटलं पाहिजे.

६ जानेवारी, रविवार

मधले दिवस विचारात गेले, म्हणून लिहिलं नाही. विचार कामी आला. उपाय सापडला आहे.

आज चोरबाजारातून एक जर्मन खेळण्यातली आगगाडी आणली. विजेवर चालणारी. इंजिन, तीन डबे, थोडे रूळ, एक ट्रान्सफॉर्मर. दुकानदार म्हणाला, चालू है साहब, लिखके देता हूँ. लिहून मात्र दिलं नाही.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर, त्यामुळे मागची बागेची पट्टी सोसायटीने आम्हाला वापरायला दिली आहे. सुलक्षणाची तुळस, अळू, भिंतीशी कढीपत्ता. तिथे रेल्वे टाकायची. स्वयंपाकघराच्या पायरीशी मुलुंड स्टेशन, कढीपत्त्याखाली आंबेखोल स्टेशन. कोकणात रेल्वे येणार, येणार, हे आबा पोरवयापासून ऐकत आलेत. त्यांच्या वडिलांनीही ऐकलं होतं. सर्व्हे करणारे येतात, वाडीत नारळपाणी पिऊन जातात. सरकारला जमलं नाही ते मी करून दाखवणार. आबा बाकड्यावर बसून गाडी बघतील, इथेच जीव रमेल, गाव विसरतील. प्लॅन एकदम पक्का आहे.

सुलक्षणाने विचारलं, अहो, त्यांना गावाची आठवण येऊ नये म्हणून तुम्ही अंगणात गाव आणणार? लांबच्या विचाराबद्दल मी वर लिहिलेलंच आहे.

१३ जानेवारी, रविवार

भूमिपूजन. म्हणजे खोदकाम. कुदळ हातात घेतली तोच आबा म्हणाले, आधी जागेवाल्याक नारळ ठेव. कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला न विचारता माती उकरायची नाही, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, मग कुदळ. मी त्यांना समजावलं की हे मुलुंड आहे, आपली सोसायटी रजिस्टर्ड आहे, जागेवाला असता तर मेंबरांच्या यादीत त्याचं नाव असतं. आबा बाकड्यावर जाऊन बसले.

पहिल्या घावाला जमिनीतून काहीतरी काळं, लांब, वळवळणारं निघालं. मी प्रसंगावधान राखून कंपाउंडच्या भिंतीवर चढलो. जुना रबरी पाइप होता. सुलक्षणाने स्टूल आणून मला उतरवून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी हसलं. वरचा अंबादास मास्तरच असणार.

संध्याकाळी उगाच वारा सुटला. अळूची पानं एका बाजूनेच हलत होती. मी मागच्या दारात एकटा उभा राहिलो आणि मनातल्या मनात, केवळ खबरदारी म्हणून, जागेवाल्याला बोललो की बाबा रे, माझी गाडी सुखरूप आंबेखोलला पोचली तर तुला एक कोंबडा देईन. खरं म्हणजे नारळ म्हणायचं होतं. घाईत तोंडाला कोंबडा आला.

१४ जानेवारी

आबांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. नारळान भागला असता मेल्या, कोंबो कित्याक बोललंस? आता बोललेलं मागे घेता येत नाही म्हणे. सुलक्षणाने तीळगूळ हातावर ठेवत विचारलं की कोंबडा कापणार कोण. ऑफिसला आज लवकर निघालो.

२६ जानेवारी, शनिवार

सुट्टी सत्कारणी. आमच्या कारखान्याशेजारच्या वर्कशॉपमधून पितळी पट्ट्यांचे रूळ वळवून आणले. स्लीपर पॅकिंगच्या फळ्यांचे. बोगदा डालड्याच्या डब्याचा. खडी समोरच्या बिल्डिंगच्या कामावरची (विचारून घेतली. म्हणजे आबांनी विचारलं).

सोल्डरिंगचं काम अंबादासला दिलं. अंबादास दुसऱ्या मजल्यावर राहतो, भांडुपच्या म्युनिसिपल शाळेत मास्तर आहे. माणूस चांगला पण तोंडाने फटकळ. मला सोल्डरिंग येतं, फक्त ते लाल झालेलं टोक मला पसंत नाही. नवसाचं ऐकून तो म्हणाला, यार, तुझी गाडी विजेवर चालते की कोंबड्यावर? मी म्हटलं, परंपरा असते. तो म्हणाला, आमच्याकडे नवस-बिवस बंद झाले त्याला तीस वर्षं होत आली, आमच्या घरातला एकही पंखा त्यामुळे थांबलेला नाही. यावर मला उत्तर सुचलं होतं, पण तेव्हा तो वर निघून गेला होता.

१० फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी. सुरक्षेची सर्व काळजी घेतली. पायात रबरी स्लिपर, खाली कोरडी फळी, बटण दाबायला झाडूची काठी. अंबादास म्हणाला, अरे हा करंट मुंगीलासुद्धा लागणार नाही. मी म्हटलं, मुंगीला बायको नाही. तेवढ्यात सुलक्षणा कणकेच्या हाताने आली आणि बटण दाबून परत आत गेली.

गाडी चालली! फार नाही, तुळशीपर्यंत. मग डालड्याच्या डब्याला धडकून थांबली.

पण आबा उठून उभे राहिले. चहा, जेवण आणि मी ठेवलेली कामं सोडून हा माणूस तीन वर्षांत कशासाठी उभा राहिला नव्हता. आणि हसले. पुढचा एक दात पडलाय हे मला आज कळलं. कधी पडला कोण जाणे. फार बरं वाटलं. असं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

संधी साधून मी सहज विचारलं की आता मे महिन्याचं काय. आबा म्हणाले, तुझी रेल आंबेखोलाक पोचांदे. ज्या दिवशी पोचात, त्याच्या पुढल्या शनवारी मी जातंय. तवसर हलाचंय नाय. शब्द दिलंय.

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

११ फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. वांगं बाधलं. विचार करता असं वाटतं की रेल्वेच्या कामात घाई घातक. खऱ्या कोकण रेल्वेला इतकी वर्षं लागतायत ती उगाच नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

गाडी बोगद्यातून बाहेर आली. मग थांबली. एक जोड ढिला निघाला. तो घट्ट आहे की नाही हे पाहायला मी सकाळी ढिला केला होता.

२४ फेब्रुवारी, रविवार

रूळ गुळगुळीत व्हावेत म्हणून शिवणाच्या मशीनचं तेल लावलं. गाडी हललीच नाही. अंबादास म्हणतो, तेलातून करंट जात नाही हे सातवीच्या पोराला माहीत असतं. मी सातवी पास होऊन खूप वर्षं झाली. आबांनी संध्याकाळभर बसून धोतराच्या फडक्याने रूळ पुसले. मी त्यांना म्हटलं, आबा, राहू दे, घाई नाही. ते म्हणाले, तुका नाय.

१ मार्च, शुक्रवार

आबा लालबागला जुन्या गिरणीवाल्यांना भेटायला गेले, मुक्काम तिथेच. सुलक्षणा बहिणीकडे घाटकोपरला. घरात मी एकटा. मुद्दाम नोंद करतो की मला काहीही वाटत नाही.

संध्याकाळी ७. सगळे दिवे लावले. अंधारात गंजतात.

७.२०. मोरीत आवाज. नळ.

७.३०. पुन्हा आवाज. नळ नसावा. अंबादासकडे गेलो. त्याच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मग त्याच्या बायकोच्या तब्येतीची. मग त्याच्या शाळेच्या छपराची. त्याने गादी घातली, मी विषय बदलून त्याच्या गावाची चौकशी केली. शेवटी त्याने दुसरी चटई काढली आणि म्हणाला, इथेच झोप, पण आता गप्प बस.

आबा गेल्यावर त्यांना असंच एकटं वाटणार. त्या विचारानेच मी अस्वस्थ होतो.

७ मार्च, गुरुवार

धुळवड. माझा मेहुणा सीताराम रंग लावायला आला तो कोंबडा घेऊनच. तांबडा, तुरेवाला, भांडुपच्या बाजारातला. नवसासाठी. मी म्हटलं, नवस अजून फिटायचा आहे, गाडी पोचलेली नाही. सुलक्षणा म्हणाली, आज ना उद्या पोचेल, तोवर खाईल, अंगाला लागेल.

कोंबड्याने माझ्याकडे पाहिलं. डिस्पॅचला ट्रकचे ड्रायव्हर येतात, दारू प्यालेलेही येतात. असं माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. त्याला सुतळीने कढीपत्त्याला बांधलंय. म्हणजे बरोबर आंबेखोल स्टेशनात. आता त्या बाजूच्या रुळांची पाहणी मला करता येत नाही. काम लांबलं तर दोष माझा नाही.

१२ मार्च

कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर कामत तक्रार घेऊन आले. मी अंघोळीला गेलो. तशी झाली होती, पण पुन्हा गेलो. बाहेर आलो तर कामत आबांच्या शेजारी बाकड्यावर बसून चहा पीत होते. तक्रार बाजूलाच राहिली. ते मूळचे वेंगुर्ल्याचे निघाले. मला म्हणाले, परब, गाडी पोचेल त्या दिवशी मला बोलवा, शिट्टी मी वाजवणार.

आता जिन्यात जो तो विचारतो, पोचली का? दूधवालासुद्धा. मी सांगतो, काम प्रगतिपथावर आहे.

२२ मार्च, शुक्रवार, पाडवा

सुलक्षणाने परस्पर मुहूर्त ठरवला. गुढीखाली रुळांना हळदकुंकू. कामत शिट्टी घेऊन हजर. अंबादास वरून आला. मी बटणाशी. आबांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती, खऱ्या प्रवासाला निघाल्यासारखी.

गाडी निघाली. तुळस. अळू. बोगदा पार. वळण पार. कोंबडा मान उंचावून बघायला लागला. आंबेखोलची पाटी आता अगदी समोर. आबा पुटपुटायला लागले, येता, येता, येता.

माझ्या हातून बटण बंद झालं. केलं नाही, झालं. तळहाताला घाम होता. मार्चमध्ये सगळ्यांनाच येतो.

कामतांची शिट्टी तोंडातच राहिली. आबांनी जाऊन इंजिन उचललं, पुसलं, परत मुलुंडला आणून ठेवलं. म्हणाले, ऱ्हवांदे, पुढल्या टायमाक. हे बोलताना ते इंजिनाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

श्रीखंड गोड लागलं नाही. साखर कमी असावी.

३१ मार्च, रविवार

मी बाजारात गेलो असताना अंबादासने टेस्टर घेऊन सगळी लाइन तपासली. न विचारता! मी आल्यावर म्हणाला, तुझी वायर फर्स्ट क्लास, रूळ फर्स्ट क्लास, इंजिन झकास. गाडी फक्त तुझा हात लागतो तिथे थांबते. म्हाताऱ्याला जाऊ द्यायचं नसेल तर तसं सांग ना तोंडाने. घाबरतोस कशाला?

मी त्याला स्पष्ट सांगितलं की रेल्वे हा मास्तर लोकांचा विषय नाही आणि आजपासून आपलं बोलणं बंद.

संध्याकाळी ५. कोंबड्याने सुतळी तोडली. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर. आबा देवळात, सुलक्षणा गिरणीत दळण आणायला. खिडकीतून अंबादासला हाक मारली. बोलणं बंद असलं तरी हाक मारणं वेगळं. त्याने येऊन एका हाताने कोंबडा धरला आणि बांधला. मी आभार मानले नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१४ एप्रिल, रविवार

आज जयंती. अंबादास सकाळपासून निळा फेटा बांधून कामात होता. दुपारी मिरवणुकीतून धावत येऊन लाडूंचा पुडा देऊन गेला, आबांच्या पाया पडला. गाडीचा विषय काढला नाही. मनाने मोठा माणूस आहे. बोलणं सुरू केलं.

विषय सुलक्षणाने काढला. म्हणाली, आबा रोज संध्याकाळी ट्रंक उघडतात, धोतरं काढतात, घड्या घालतात, परत ठेवतात. किती दिवस अडकवून ठेवणार तुम्ही त्यांना? मी म्हटलं, मी नाही अडकवलेलं, रेल्वेने अडकवलंय. ती भांडी घासायला उठली. ती बोलते ते मला चालतं. न बोलता भांडी घासायला लागली की मी बाजारात जातो.

१६ एप्रिल

आज एक गोष्ट कानावर आली. ऐकायची नव्हती. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो आणि आबा कढीपत्त्याखाली कोंबड्याला तांदूळ घालत त्याच्याशी बोलत होते. गावाहून कुणी आला होता, त्याने सांगितलंय की आमच्या घराची पडवी एका बाजूने खचलीय, पावसाआधी कौलं परतली नाहीत तर या वर्षी भिंत राहत नाही. मातीचीच भिंत. आबांनी आणि आजोबांनी स्वतः घातलेली. आबा कोंबड्याला म्हणत होते, घर ऱ्हवचा नाय रे बाबा. पण झिलाक काय म्हणान सांगू? शब्द देवन बसलंय.

मला सांगितलं नाही. कोंबड्याला सांगितलं.

पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं. टाकीचं पाणी खराब आहे, कामतांना सांगायला हवं.

१७ एप्रिल

पक्का निश्चय. येत्या रविवारी गाडी आंबेखोलला पोचणार. मी कशालाही हात लावणार नाही. आबांचं घर ते आबांचं घर. मी काय लहान आहे?

१९ एप्रिल

उन्हाने रूळ वाढतात, म्हणून खरे इंजिनिअर दोन रुळांत थोडी फट ठेवतात. हे शास्त्र आहे. मीही ठेवली. अंदाज नसल्यामुळे जरा मोठी झाली.

२१ एप्रिल, रविवार

इंजिन फटीत पडलं. आबा बाकड्यावरून उठलेच नाहीत.

२५ एप्रिल, गुरुवार

आबा जेवताना बोलत नाहीत. रागावलेले नाहीत, वाईट त्याचंच वाटतं. उलट आज त्यांनी न सांगता माझ्या खोलीतली पाल हाकलली. मला रडू येईल असं वाटलं. कांदा चिरत होतो. खरं म्हणजे सुलक्षणा चिरत होती, पण मी जवळ होतो.

२८ एप्रिल, रविवार, सकाळ

आज पोचली तर पोचली. सगळ्यांना बोलावलंय. खिशात एक छोटा खडा ठेवलाय. खडी कुठे कमी पडली तर असावा.

तोच दिवस, दुपार

घाईत लिहितोय, अक्षर खराब येतंय. जसं झालं तसं लिहितो.

दहा वाजता मी बटण दाबलं. गाडी निघाली. बोगद्यातून बाहेर आली तसा मी रुळांची पाहणी करायला वाकलो, हातात खडा होता, योगायोगाने. आणि मागून फडफड झाली. सुलक्षणाने कोंबड्याची दोरी सकाळी लांब केली होती. त्याला सावलीत बसता यावं म्हणून, असं ती म्हणते. तो सावलीत बसला नव्हता. तो माझ्याकडे येत होता.

मी आत गेलो. पळालो नाही, भरभर चाललो. दार लावलं, वरची कडी घातली, खालचीही घातली. मग लक्षात आलं की बटण चालूच राहिलंय.

खिडकीतून बघितलं. गाडी एकटी चालली होती. तिच्याजवळ कुणीच नव्हतं आणि ती इतकी सुरेख चालली होती की तशी कधीच चालली नव्हती. वळण घेतलं. मी ओरडलो, बंद करा, कुणीतरी बंद करा! सगळ्यांना वाटलं मी आनंदाने ओरडतोय. टाळ्या वाजवायला लागले. कामतांनी शिट्टी फुंकली. मी कडी काढून दार किलकिलं केलं. पायरीवर कोंबडा. परत लावलं.

गाडी आंबेखोलच्या पाटीशी गेली, शेवटच्या विटेला टेकली आणि थांबली. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, पोचली. एवढंच.

मी ओट्यापाशी खाली बसलो. मला फार भीती वाटली. हे लिहायला नको होतं, पण खरं लिहायचं ठरलंय.

१ मे, बुधवार

नवस फेडला. म्हणजे सुलक्षणाने फेडला. कोंबडा पिशवीत घालून ती आणि सीताराम बाजारात गेले आणि मटणवाल्याकडून पातेल्यात घालायच्या अवस्थेत परत आणला. मी त्या वेळात स्टेशनापर्यंत चालून आलो, काही काम नव्हतं. आता घरात शांतता आहे, पण कढीपत्त्याच्या बाजूला अजूनही बघवत नाही.

निश्चय केला होता की त्या कोंबड्याचं मांस खायचं नाही. वडे चांगले फुगले होते. खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

जेवणाआधी आबांनी कढीपत्त्याखाली जागेवाल्याचं पान वाढलं, नारळही ठेवला, आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. बा जागेवाल्या, आज जो काय नैवेद्य केलेलो आसा तो मान्य करून घे. मी आता जातंय. माझ्या झिलाक सांभाळ. मनान बरो आसा. भिता तेवढा पोटात घाल. कामत म्हणाले, होय महाराजा. सुलक्षणा म्हणाली, होय महाराजा. अंबादास गप्प होता, पण हात बांधून उभा होता.

सगळ्या बिल्डिंगसमोर असं बोलायची काय गरज होती? मी पंगतीची पानं मांडायला घेतली.

४ मे, शनिवार

आबांना सोडायला ठाण्याच्या एसटी स्टँडवर. संध्याकाळची मालवण गाडी. ट्रंक टपावर चढवली. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं: आबा, तब्येतीला जपा, पैसे पाठवीन, माझी काळजी करू नका, मी समर्थ आहे.

आबा खिडकीशी बसले. मी खिडकीची सळई धरली आणि पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, आबा, जाऊ नका.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, तू भितंस ता माका ल्हानपणापासून म्हायत आसा. गिरण बसल्यार मी तेव्हाच जाणार होतंय, तुझ्यासाठी रवलंय. पण आता ता घर पडतला रे. भी हवो तेवढो, पण भिवन-भिवनच कर सगळा. मीव भितंय. एकटो जातंय तो काय हौस म्हणान?

आबा भितात हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

कंडक्टर आला, म्हणाला, ओ साहेब, यायचं तर वर चढा, नाहीतर गाडी सोडा. मी सळई सोडत नव्हतो. सुलक्षणाने माझी बोटं एकेक करून उकलली. एसटी निघाली. आबा दिसेनासे होईपर्यंत माझ्याकडे बघून हात हलवत होते, लहान मुलाला हलवतात तसा.

५ मे, रविवार

सकाळी गाडी लावली. मुलुंडहून सुटली, आंबेखोलला पोचली. उलटी फिरवली, मुलुंडला आली. परत पोचली. परत आली. बाकड्यावर कुणी नव्हतं, म्हणून मीच बसलो.

जोड पाहिले. रूळ पाहिले. वायर पाहिली. अंबादासला बोलावून टेस्टर लावायला सांगितलं, त्याने लावला. दिवेलागणीपर्यंत बिघाड शोधला. सापडला नाही.